विश्लेषण : थंडीत नवजात करडे-कोकरे का दगावतात? जन्मानंतरचा पहिला तास निर्णायक कसा?

अहिल्यानगर जिल्ह्यात थंडीचा कडाका वाढला की पहाटे गोठ्यात जाणाऱ्या शेळीपालकाच्या मनात एकच धास्ती असते. रात्री व्यालेल्या शेळीची करडे उठून उभी असतील ना? अनेकदा त्यातले एखादे कोपऱ्यात गारठून पडलेले दिसते. ‘थंडीने गेले’ असे म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात थंडी एकटी क्वचितच मारते. अंगावरची ओल, जमिनीलगतचा वारा आणि रिकामे पोट या तिघांची साथ मिळाली की ती जीवघेणी होते. या तिन्ही गोष्टी पशुपालकाच्या हातातल्या आहेत. त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. नेमके काय होते आणि काय करता येते, हे समजून घेऊ.

अहिल्यानगरसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाड, जेऊर यांच्यासोबत अहिल्यानगरचे नाव दर हिवाळ्यात येते. डिसेंबर-जानेवारीत येथे पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाणे नवे नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरले असेल, तर हवामान विभाग त्याला थंडीची लाट म्हणतो.

हाच जिल्हा शेळ्या-मेंढ्यांचाही आहे. संगमनेर तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी संगमनेरी शेळी अहिल्यानगर, नाशिक व पुणे जिल्ह्यांच्या पट्ट्यातली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचे काम चालते. पारनेर, संगमनेर, राहुरी, कर्जत, जामखेड या भागांत दख्खनी मेंढ्यांचे कळप आहेत.

अडचण वेळापत्रकाची आहे. जून-जुलैत पावसानंतर हिरवा चारा मिळतो, जनावरांच्या अंगात ताकद येते आणि त्या काळात अनेक शेळ्या-मेंढ्या गाभण राहतात. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. हिशेब केला तर वेत येते ते थेट नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजेच थंडीच्या तोंडावर.

डिसेंबर २०२१ मध्ये काय घडले होते?

१ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस झाला. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर, पारनेर या पट्ट्यात उघड्यावर बसलेले मेंढ्यांचे कळप रात्रभर भिजले. सोबत गार वारा होता आणि दिवसाही ऊन पडले नाही. शेकडो शेळ्या-मेंढ्या दगावल्या. त्यात पूर्ण वाढलेल्या मेंढ्याही होत्या.

त्या दिवसांत पारा काही गोठणबिंदूला गेला नव्हता. त्याहून थंड पण कोरड्या रात्री याच मेंढ्या दरवर्षी उघड्यावर काढतात. फरक पडला तो ओल आणि वाऱ्यामुळे. चिंब भिजलेली लोकर ऊब धरत नाही. मोठी मेंढी जिथे टिकली नाही, तिथे दोन-अडीच किलोच्या नवजात कोकराची काय कथा! आणि नवजात पिल्लासाठी अशी ‘अवकाळी’ प्रत्येक वेताला येते, कारण ते जन्मतःच ओलेचिंब असते.

नवजात पिल्लू इतक्या लवकर गार का पडते?

आईच्या पोटात पिल्लू सुमारे ३९ अंश सेल्सिअसच्या उबेत असते. जन्मताच ते आठ-दहा अंशांच्या हवेत येते, म्हणजे एका क्षणात तीस अंशांचा फरक. त्यावर तीन गोष्टी त्याच्या विरोधात असतात.

पहिली गोष्ट अंगावरचे पाणी. ओले अंग वाळताना पाण्याची वाफ होते आणि ती वाफ शरीराची उष्णता घेऊन जाते. दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर पाणी वाळायला जवळपास सहा किलोकॅलरी उष्णता लागते. शरीराने तेवढ्यात नवी उष्णता तयार केली नाही, तर दोन किलोच्या करडाचे तापमान तीन अंशांहून अधिक खाली आणायला एवढे पुरेसे आहे. आणि जन्मलेल्या करडाच्या अंगावर दोन चमच्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी असते. फडक्याने पुसून काढलेले पाणी ही उष्णता नेत नाही. पुसण्याचे महत्त्व इथे आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. शरीर जितके लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त आणि उष्णता बाहेर पडायला वाट मोठी. जुळ्यांपैकी लहान करडू आधी गारठते ते यामुळेच. संगमनेरी शेळीला जुळी होणे नेहमीचे, त्यामुळे हा धोकाही नेहमीचा.

तिसरी गोष्ट शिदोरीची. करडू किंवा कोकरू जन्माला येताना मूत्रपिंडाभोवती व इतरत्र थोडी तपकिरी चरबी घेऊन येते. ही चरबी जळते ती फक्त उष्णता देण्यासाठी. पण हा साठा काही तासांचाच असतो. तो संपायच्या आत पोटात चीक गेला नाही, तर शेकोटीतले सरपण संपल्यासारखी स्थिती होते.

काही पिल्ले दुसऱ्या दिवशी पहाटे का दगावतात?

गारठण्याचे दोन वेगळे काळ असतात आणि दोन्हींचे कारण वेगळे आहे.

जन्मापासून साधारण पाच तासांपर्यंत पिल्लू गारठते, ते अंगातून उष्णता झपाट्याने बाहेर गेल्यामुळे. इथे दोष ओलीचा आणि वाऱ्याचा.

त्यानंतर, विशेषतः बारा तासांनंतर, पिल्लू गारठते ते उपासमारीमुळे. अंग वाळलेले असते, गोठाही ठीक असतो; पण पोट रिकामे असल्याने उष्णता तयारच होत नाही. आईला दूध कमी असते, एक सड बंद असतो, जुळ्यातले ताकदवान करडू दुसऱ्याला पिऊ देत नाही किंवा पहिलटकरीण शेळी पिल्लाला जवळ घेत नाही. दिवसभर ते कसेबसे तग धरते आणि पहाटेच्या सर्वांत थंड वेळी कोसळते. आपण ‘थंडीने गेले’ म्हणतो, पण खरे कारण आदल्या दिवसाच्या भुकेत असते.

पहिल्या तासात काय करावे?

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे : कोरडे करणे, चीक पाजणे, ऊब देणे.

१. नाका-तोंडावरचा चिकट द्रव स्वच्छ फडक्याने काढावा. श्वास सुरू आहे ना, ते पाहावे.

२. पिल्लू आईच्या तोंडासमोर ठेवावे. तिने चाटल्याने अंग वाळते, रक्ताभिसरण वाढते आणि आई-पिल्लाची ओळखही पक्की होते.

३. आई चाटत नसेल, दमली असेल किंवा दुसरे पिल्लू येत असेल तर कोरड्या सुती कापडाने, गोणपाटाने अंग चोळून पुसावे. कापड ओले झाले की बदलावे. कान, पोट आणि मांड्यांमधली जागा विसरू नये. मात्र पिल्लाला अंघोळ घालू नये. त्याने अंग पुन्हा ओले होते आणि अंगाचा वास धुतला गेल्याने आई पिल्लाला नाकारू शकते.

४. नाळ लांब लोंबत असेल तर पोटापासून साधारण दोन इंच ठेवून स्वच्छ, निर्जंतुक कात्रीने कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

५. आईची कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी. दोन्ही सडांची पहिली धार पिळून टाकावी. सडाच्या तोंडाशी बसलेला गठ्ठा निघून जातो आणि दूध उतरते की नाही, हेही कळते.

६. पिल्लू स्वतः उभे राहून पीत असेल तर उत्तम. नसेल तर त्याला सडाशी धरावे. पहिल्या तासात, उशिरात उशिरा दोन तासांत पोटात चीक गेलाच पाहिजे.

चीक किती आणि कसा पाजावा?

माणसाच्या बाळाला आईकडून गर्भातच काही रोगप्रतिकारक घटक मिळतात. शेळी, मेंढी, गाय, डुक्कर यांच्यात ते वारेतून पिल्लापर्यंत पोहोचत नाहीत. ते मिळतात फक्त चिकातून. पिल्लाचे आतडे हे घटक जसेच्या तसे शोषू शकते ते पहिले काही तासच. पुढे ही क्षमता घटत जाते आणि साधारण २४ तासांत ती संपते. शिवाय चिकात स्निग्धांश भरपूर असल्याने तो शेकोटीत टाकलेल्या सुक्या लाकडासारखा कामाला येतो.

एका वेळी वजनाच्या किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर आणि पहिल्या २४ तासांत किलोमागे सुमारे २०० मिलिलिटर, असा हिशेब ठेवावा. म्हणजे दोन किलोच्या करडाला एका वेळी १०० मिलिलिटर, दिवसभरात चार वेळा विभागून ४०० मिलिलिटर. शेळीचे स्वतःचे करडू अंगावर पीत असेल तर मोजण्याची गरज नाही. पोट भरलेले, गोल लागते आणि करडू शांत झोपते, एवढी खूण पुरे.

आईला चीक नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा द्यावा. तोही नसेल तर निरोगी गाईचा चीक अडचणीच्या वेळी चालतो. जास्त चीक असलेल्या शेळीचा चीक छोट्या स्वच्छ बाटल्यांत भरून डीप फ्रीजमध्ये ठेवला तर पुढच्या वेतांना उपयोगी पडतो.

चीक गरम करताना मात्र एक चूक सर्रास होते. तो थेट आचेवर ठेवला जातो. उकळलेल्या चिकाचा खरवस होतो, हे घरात सर्वांनाच माहीत आहे. खरवस माणसाला गोड लागतो, पण त्या उष्णतेत करडाला हवे असलेले संरक्षक घटक नष्ट झालेले असतात. म्हणून चिकाची बाटली हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवूनच चीक कोमट करावा.

गारठलेले पिल्लू कसे ओळखावे?

निरोगी करडू उठवले की अंग ताणते, शेपूट हलवते आणि आईकडे जाते. गारठू लागलेले करडू पाठ कमान करून उभे राहते, केस उभे राहतात, पोट आत गेलेले दिसते आणि ओरडणे क्षीण होत जाते. पुढे ते एका कुशीवर पडून राहते. स्वच्छ बोट तोंडात घालून पाहावे. तोंड उबदार असेल आणि बोट चोखले तर चिंता कमी. तोंड गार लागले आणि चोखण्याची क्रिया नसेल तर वेळ थोडा आहे.

औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर गोठ्यासाठी वेगळा ठेवावा. टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात हलकेच घालून तापमान घ्यावे.

१०२ ते १०४ अंश फॅरनहाइट : नेहमीचे तापमान.

९९ ते १०२ : गारठ्याची सुरुवात. पुसून कोरडे करावे, चीक पाजावा, ऊब द्यावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासावे.

९९ च्या खाली : गंभीर. पुढची पावले विचारपूर्वक टाकावीत.

गंभीर गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब की आधी दूध?

इथे घाईने केलेला उपाय उलटू शकतो. गारठून लुळ्या पडलेल्या पिल्लाला गिळता येत नाही. त्याच्या तोंडात ओतलेले दूध, गुळाचे पाणी किंवा चहा पोटाऐवजी फुप्फुसात जातो. वाचले तरी पुढे न्यूमोनियाने दगावते. म्हणून मान धरता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये.

पिल्लू पाच तासांपेक्षा लहान असेल तर त्याच्याकडे जन्मजात चरबीचा थोडा साठा अजून असतो. त्याला आधी पूर्ण कोरडे करावे, मग ऊब द्यावी. तापमान ९९ च्या वर आले आणि चोखायला लागले की चीक पाजावा.

पिल्लू पाच तासांपेक्षा मोठे आणि उपाशी असेल तर त्याच्या रक्तातली साखर संपत आलेली असते. अशा पिल्लाला नुसती ऊब दिली की शरीराचे काम वाढते, उरलीसुरली साखरही संपते आणि झटके येऊन ते दगावते. ‘शेकले, जरा बरे वाटले आणि अचानक गेले’ असा अनुभव अनेकांना येतो, त्यामागचे कारण हे आहे. अशा वेळी ऊब देण्याआधी ग्लुकोजचे इंजेक्शन लागते. ते पशुवैद्यकानेच द्यायचे. नळीने पोटात चीक सोडण्याची पद्धतही त्यांच्याकडून आधी शिकून घ्यावी. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवावा.

ऊब देण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडा भुसा घालावा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पिल्लाच्या दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. बाटली थेट अंगाला लावू नये, नाजूक कातडी भाजते. पाणी गार झाल्यावर बाटल्या बदलाव्यात, नाहीतर त्याच उलट उष्णता ओढून घेतात.

गोठा पूर्ण बंद करावा का?

नाही. थंडीत सर्वाधिक दिसणारी चूक हीच आहे. चारही बाजूंनी ताडपत्री बांधली की गोठा उबदार वाटतो, पण आत मूत्राचा अमोनिया साचतो आणि श्वासातली वाफ छताला लागून पुन्हा खाली ठिबकते. अमोनियाने श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि आठवड्याभरात करडे खोकू लागतात. गोठ्यात शिरताच आपल्या डोळ्यांना झोंबले, तर करडांना त्याहून जास्त त्रास होतो, कारण त्यांचे नाक जमिनीलगत असते.

उपाय सोपा आहे. जमिनीपासून साधारण चार फुटांपर्यंत गोणपाट किंवा ताडपत्रीचा आडोसा करावा, विशेषतः वाऱ्याच्या बाजूने. त्यावरची जागा उघडी ठेवावी. खालचा वारा अडतो, वरून दमट हवा निघून जाते. सकाळी ऊन आले की आडोसे गुंडाळावेत आणि पिल्लांना उन्हात सोडावे.

अंथरुणाला काय वापरावे?

ओल्या किंवा गार फरशीवर झोपलेल्या पिल्लाची उष्णता पोटाखालून जाते. त्यावर कोणताही बल्ब पुरा पडत नाही. अंथरुण आपल्या भागात जे मुबलक आहे तेच वापरावे. राहुरी, श्रीरामपूर, नेवासा पट्ट्यात उसाचे पाचट आहे, अकोल्यात भाताचा पेंढा आहे, पारनेर-कर्जत-जामखेडकडे कडब्याचे उरलेले बाटूक आहे. पाचटाच्या कडा धारदार असतात, म्हणून ते कुटून वापरावे.

जाडी पुरेशी आहे का, हे पाहायला दोन खुणा आहेत. पिल्लू बसल्यावर त्याचे पाय अंथरुणात झाकले गेले पाहिजेत. आणि आपण अर्धा मिनिट त्यावर गुडघे टेकल्यावर कापड ओले झाले नाही पाहिजे. ओले झाले तर वर नवा थर द्यावा किंवा अंथरुण बदलावे.

बल्ब, शेगडी, शेकोटी : काय सुरक्षित?

गोठ्यात एलईडी बल्ब लावून ऊब मिळते, हा समज चुकीचा आहे. एलईडी उजेड देतो, उष्णता नगण्य. उबेसाठी जुना तारेचा १०० वॅटचा पिवळा बल्ब किंवा पशुपालनासाठी मिळणारा इन्फ्रारेड दिवा लागतो. तो पिल्लांच्या कोपऱ्यात अडीच-तीन फूट उंचीवर टांगावा. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आपला उलटा तळहात काही मिनिटे धरून पाहावा. चटका बसला तर दिवा वर घ्यावा.

पिल्लांची बसण्याची पद्धत हाच खरा मापक आहे. एकावर एक ढीग करून बसली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून लांब पांगली तर जास्त आहे. दिव्याखाली आरामात पसरून झोपली तर बरोबर आहे.

दिवा वायरीवर किंवा सुतळीवर टांगू नये. लोखंडी साखळीने, शक्यतो दोन ठिकाणी बांधावा. खाली सुका भुसा असतो आणि शेळ्या वायर चावतात. दिव्याला जाळीचे आवरण हवेच. रात्री वीज जाणे गृहीत धरून गरम पाण्याच्या बाटल्या, कोरडी पोती आणि अंथरुणाचा जाड थर तयार ठेवावा.

बंद गोठ्यात शेकोटी किंवा कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. धुराने पिल्लांची फुप्फुसे बिघडतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू जनावरांसह माणसाचाही जीव घेऊ शकतो. शेकोटी करायचीच तर गोठ्याबाहेर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन करावी.

पिल्लांच्या अंगावर पोत्याची झूल बांधणे चांगले. पण ती कोरडी असेपर्यंतच. दहिवराने किंवा मूत्राने भिजलेली झूल अंगावर ठेवण्यापेक्षा झूल नसलेली बरी.

उघड्यावर वाडा बसवणाऱ्या मेंढपाळांनी काय करावे?

मेंढपाळाकडे गोठा नसतो, वीज नसते. त्याच्या हातात जागेची निवड असते. रात्री गार हवा जड होऊन सखल भागात उतरते, म्हणून ओढ्याकाठी किंवा खोलगट शेतात वाडा बसवण्यापेक्षा किंचित उंच, निचऱ्याची, बांधाच्या किंवा झाडोऱ्याच्या आडोशाची जागा घ्यावी. वाघरीच्या वाऱ्याकडच्या बाजूला ताडपत्री बांधावी. व्यायला आलेल्या मेंढ्या आणि आठवड्याच्या आतली कोकरे कळपापासून वेगळी, आडोशाला ठेवावीत. कोकरे डालग्याखाली ठेवताना खाली पाचट किंवा पोती हवीतच. घोंगडी इथे उपयोगी पडते, कारण लोकर थोडी दमट झाली तरी सुती कापडापेक्षा ऊब जास्त धरते.

पावसाचा अंदाज आधी कळणे हे सर्वांत मोठे संरक्षण. हवामान विभागाच्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवर जिल्हावार अंदाज आणि कृषी सल्ला मराठीत मिळतो. थंडीत पावसाचा इशारा असेल तर मेंढ्यांची लोकर कातरू नये आणि कळप मंगल कार्यालय, शाळेची पडवी, रिकामे शेड अशा छताखाली नेण्याची बोलणी गावाशी आधीच करून ठेवावी. डिसेंबर २०२१ चा धडा हाच आहे. रात्री पाऊस सुरू झाल्यावर कळप हलवता येत नाही.

डुकराच्या पिल्लांना वेगळी काळजी लागते का?

हो, आणि ती जास्त लागते. डुकराच्या पिल्लाला ना अंगभर केस, ना तपकिरी चरबीची शिदोरी. वजन जेमतेम एक ते दीड किलो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी त्याला सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते, तर त्याच्या आईला १८ ते २० अंश पुरे होतात. एकाच खोलीत दोघांना सुखात ठेवणे शक्य नसते. म्हणून वराहपालनात पिल्लांसाठी कोपऱ्यात वेगळी उबदार पेटी करतात. छोटे दार, खाली भुसा, वर दिवा. पिल्ले आत-बाहेर करू शकतात, आई आत जाऊ शकत नाही.

या पेटीचा दुसराही फायदा आहे. गारठलेली पिल्ले ऊब शोधत आईच्या अंगाला चिकटतात आणि ती बसताना तिच्याखाली चिरडली जातात. म्हणजे चिरडून झालेल्या मृत्यूमागेही अनेकदा थंडीच असते. दहा-बारा पिल्लांत लहान पिल्लू सडापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून मोठ्या पिल्लांना थोडा वेळ पेटीत बंद ठेवून लहानांना आधी पिऊ द्यावे.

तयारी कधीपासून सुरू करावी?

शेळी व्याल्यावर नव्हे, तर दीड महिना आधी. गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. या काळात आईला चाऱ्याबरोबर रोज पाव किलोच्या आसपास खुराक मिळाला तर पिल्लाचे वजन चांगले भरते, कासेत चीक उतरतो आणि आईला पिल्लू चाटण्याइतकी ताकद राहते. व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस दिली तर तिचे संरक्षणही चिकातून पिल्लाला मिळते. शेळी कधी लागली याची तारीख भिंतीवर खडूने लिहिली तरी पुरे. १५० दिवस मोजले की कोणत्या रात्री जागायचे, हे कळते.

व्याण्याच्या आठवड्यात गोठ्यात एक पिशवी टांगून ठेवावी. त्यात कोरडी फडकी, टिंक्चर आयोडीन, कात्री, थर्मामीटर, दूध पाजायची बाटली आणि बॅटरी असावी. रात्री दोन वाजता यातले काहीच सापडत नाही, हा प्रत्येकाचा अनुभव आहे.

जनावर दगावल्यास मदत मिळते का?

नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या शेळी, मेंढी, डुकरासाठी केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत प्रति जनावर ४ हजार रुपयांचा दर आहे. त्यासाठी मृत जनावर पुरण्याआधी तलाठी व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे लागते. मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. मात्र हा दर मोठ्या जनावरांचा आहे. करडा-कोकरांसाठी या निकषांत स्वतंत्र दर नाही. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या कुटुंबाचे त्या वर्षीचे उत्पन्न म्हणजे ती करडेच असतात. ती गेली तर भरपाईची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यांना वाचवणे हीच भरपाई.

थोडक्यात लक्षात ठेवा

• जन्मताच पुसून कोरडे करा. अंघोळ घालू नका.

• दोन तासांच्या आत चीक पाजा. कोमट करा, उकळू नका.

• लुळ्या पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काही ओतू नका. तापमान मोजा.

• पाच तासांहून मोठे, उपाशी आणि गारठलेले पिल्लू असेल तर आधी पशुवैद्यक, मग शेक.

• खालचा वारा अडवा, वरची हवा खेळती ठेवा. बंद गोठ्यात शेकोटी नको.

• अंथरुण कोरडे आणि जाड ठेवा. पहाटे चारची एक फेरी चुकवू नका. त्यानंतर सूर्योदयापर्यंत थंडी वाढतच जाते.